हरकती व सूचना

सभासद यादीत एकच शेतकरी दोन ओळींत बसला होता. आडनाव कऱ्हाडकर, पहिलं नाव तेच, वडिलांचं नाव तेच, गाव तेच, गट नंबरही तोच. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याची ती यादी. छापील कागदावर दोन्ही ओळी हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती. उसाची नोंद एकाच्या नावावर आणि बँक खातं दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळे ऊसबिल अडकलं होतं. साताऱ्यात राहून सहकारी संस्थांच्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणायचं काम मी तेव्हा करत होते, म्हणून ती फाइल माझ्याकडे आली.

मी दोन्ही आडनावांतल्या एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला आणि एकाखाली एक मांडला. वरच्या ओळीत क, मग ०९३१, मग ०९४डी आणि पुढे ह. खालच्या ओळीत क, मग ०९३०, ०९४डी, २००डी आणि पुढे ह. म्हणजे वरच्या ओळीत खालचं टिंब असलेला ऱ आणि हलन्त. खालच्या ओळीत साधा र, हलन्त आणि त्याला लागून एक न दिसणारं चिन्ह. झीरो विड्थ जॉयनर हे त्याचं नाव. त्याला स्वतःची रुंदी नाही, आकार नाही. आधीचं अक्षर अर्ध्या रूपात दाखव, एवढीच सूचना ते इथे देतं. दोन्ही वाटांनी पडद्यावर उमटतो तो कऱ्हाडातला आडवा, अर्धा र. रफार नव्हे, हा निराळा.

टंकलेखन करणाऱ्या कुणाचा यात काही दोष नव्हता. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. ऱ आणि हलन्त ही रीत भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या इस्की या मानकातून आलेली. जॉयनरची रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली, आणि त्या काळात लिहिलेलं पुढेही वाचता यावं म्हणून ती चालू ठेवलेली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, मग डी दाबून हलन्त. ज्याचा हात या कळफलकावर बसला आहे तो पहिल्या रीतीने लिहितो. दुसऱ्या एखाद्या कळफलकावरून तोच शब्द दुसऱ्या रीतीने उतरतो, आणि लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

ती यादी दुरुस्त करणं अवघड नव्हतं. मला स्वस्थ बसू दिलं नाही ते एका प्रश्नाने. हे ठरवलं कुणी, कुठे बसून? आणि ठरवताना कऱ्हाडाबद्दल, गुऱ्हाळाबद्दल, डोंगरदऱ्यांबद्दल तिथे कुणी बोललं होतं का? हा र काही गावाच्या नावापुरता नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द त्याच्याशिवाय लिहिता येत नाही, आणि कारखान्याच्या एकाही परिपत्रकाचं त्या शब्दाशिवाय भागत नाही.

त्या प्रश्नाचा माग काढत मी इंटरनेटच्या मानकांपर्यंत पोचले आणि अजून तिथेच आहे. पोटापाण्याचं काम तेच, नोंदी आणि नावं जुळवायचं. पण रात्रीचा वेळ मसुदे वाचण्यात जातो.

अक्षरांना क्रमांक देण्याचं काम युनिकोडचं. ती अक्षरं जाळ्यावरून कशी जावीत, पत्त्यात कशी लिहावीत, यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, हे ठरतं इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये, म्हणजे आयईटीएफमध्ये. जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोला २१ जणांची बैठक झाली, तिथून ही संस्था सुरू झाली. तिला सभासद नाहीत. फॉर्म भरायचा नाही, वर्गणी द्यायची नाही. तिथे कुणी देशाच्या वतीने बसत नाही, कंपनीच्या वतीनेही नाही; प्रत्येकाने स्वतःच्या नावाने बोलायचं. आणि मतदान घ्यायचं नाही.

आपल्याकडे नगरपालिकेचा प्रारूप विकास आराखडा निघाला की वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती व सूचना अमुक दिवसांत लेखी सादर कराव्यात. आयईटीएफचा सगळा कारभार त्या एका ओळीवर उभा आहे. फरक एवढाच की तिथे हरकतीला उत्तर दिल्याशिवाय आराखडा पुढे सरकत नाही, आणि हरकत आणि उत्तर दोन्ही जगातल्या कुणालाही, वीस वर्षांनीही, वाचता येतात. मानकांच्या कागदांना आरएफसी म्हणतात, रिक्वेस्ट फॉर कमेंट्स. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिलेला. आता क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत.

मसुदा कुणीही टाकू शकतं. त्याला इंटरनेट ड्राफ्ट म्हणतात. नावाच्या शेवटी ००. सुधारला की ०१, ०२. सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही तर तो आपोआप बाद होतो. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. ज्याच्यावर कुणी काम करत नाही तो कागद टेबलावर पडून राहत नाही. एखाद्या कार्यगटाने मसुदा स्वीकारला की तो लेखकाचा राहत नाही, गटाचा होतो. लेखकाने गटात जे ठरलं ते उतरवायचं. स्वतःला पटो न पटो. हे पचवणं सोपं नसतं. चांगले चांगले लोक या पायरीवर काम सोडून गेलेले मी पाहिले आहेत.

गटाचं काम झालं असं अध्यक्षांना वाटलं की लास्ट कॉल निघतो, बहुधा दोन आठवड्यांचा. आता बोला, नंतर बोलू नका. या दोन आठवड्यांत जे येतं ते वाचण्यासारखं असतं. वर्षभर गप्प बसलेला एखादा माणूस उठतो आणि सांगतो की कलम चारमधला नियम आमच्या यंत्रात बसवून पाहिला, तो चालत नाही. त्या एका पत्राने मसुदा दोन आवृत्त्या मागे जातो. कुणी त्याच्यावर रागावत नाही. निदान लेखी तरी नाही.

मतदान नाही, तर निर्णय कसा होतो? पीट रेझनिक यांनी २०१४ मध्ये आरएफसी ७२८२ लिहिली, तिच्यात हे फार नेटकेपणाने मांडलं आहे. शंभर जण बाजूने आणि पाच जण विरोधात असले, आणि त्या पाचांची तांत्रिक हरकत कुणाला खोडता आली नाही, तर ते एकमत नव्हे. उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असूनही एकमत असू शकतं, जर त्या शंभरांच्या हरकतीला पुरेसं उत्तर मिळालेलं असेल. हरकत मान्य झालीच पाहिजे असं नाही. ती ऐकली, समजून घेतली, तोलली गेली पाहिजे. सहकारी संस्थांच्या सभांमध्ये ज्याने आयुष्य काढलं आहे त्याला हे पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. हात किती वर आहेत यावर सगळं ठरतं अशी आपली सवय.

बैठकीत अंदाज घ्यायचा असला तर हात वर करायला सांगत नाहीत. बाजूने असणाऱ्यांनी ओठ मिटून गुणगुणावं असं सांगतात, मग विरोधातल्यांनी. खोलीतला कल कानाला कळतो पण डोकी मोजता येत नाहीत, आणि कोण कुणाच्या कंपनीचा आहे हेही दिसत नाही. दुरून भाग घेणाऱ्यांसाठी आता पडद्यावर हात वर करायची सोय झाली आहे. साताऱ्यातून मलाही तीच वापरावी लागते, पण ती मला आवडत नाही. आकडा दिसला की माणसं मोजायला लागतात, आणि कारणं ऐकणं मागे पडतं.

गटाबाहेर पडलेला मसुदा मग सगळ्या आयईटीएफसमोर जातो. पुन्हा निदान दोन आठवड्यांचा लास्ट कॉल. कार्यगटाशिवाय एकट्याने आणलेला मसुदा असेल तर चार आठवडे. या काळात सुरक्षा, जाळ्याची देखभाल अशा एकेका विषयाचे परीक्षक तो वाचतात. हे परीक्षक बहुधा गटाबाहेरचे असतात, ज्यांनी त्या मसुद्यावर आधी काम केलेलं नसतं. त्यांना जे समजत नाही ते वाचून यंत्र बनवणाऱ्यालाही समजणार नाही, असा हिशेब. शेवटी पंधराच्या आसपास लोकांच्या सुकाणू गटापुढे, आयईएसजीपुढे, मसुदा येतो. तिथले पर्याय पाहण्यासारखे आहेत. हो, हरकत नाही, चर्चा हवी, तटस्थ. ‘चर्चा हवी’ असं एकानेही म्हटलं की मसुदा थांबतो. पण त्यालाही मर्यादा आहे. मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं, एवढं कारण पुरत नाही. काय बिघडेल आणि काय केलं म्हणजे हरकत मागे घेता येईल, हे सांगावं लागतं. अडवणाऱ्याने वाटही दाखवायची.

त्यानंतर संपादक एकेक ओळ तपासतात. छपाईआधीचा शेवटचा टप्पा ऑथ-४८ या नावाने ओळखला जातो, कारण लेखकांना अठ्ठेचाळीस तास द्यायचे असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात आठवडे जातात, कारण प्रत्येक लेखकाची लेखी संमती लागते. एकदा प्रसिद्ध झाला की कागदाचा मजकूर कायमचा गोठला. त्यात पुढे स्वल्पविरामही बदलत नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्र वेगळं, नियम बदलायचा तर नवा कागद. संगणक एकमेकांना माहिती न गळता पोचवतात तो टीसीपीचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ म्हणून निघाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली. मधली एकेचाळीस वर्षं जग त्या जुन्या कागदावर आणि त्याच्या पुरवण्यांवर चाललं.

एवढ्या पायऱ्या कशाला, असं कामातले सहकारी विचारतात. त्यांना मी टीएलएस १.३ ची गोष्ट सांगते. बँकेचं पान उघडताना कुलूपाचं चिन्ह दिसतं त्यामागचा हा नियम. त्याच्या मसुद्याच्या आवृत्त्यांचा क्रमांक अठ्ठावीसपर्यंत गेला, चार वर्षं गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ आली. मसुदा जवळजवळ तयार असताना ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो खऱ्या जाळ्यावर चालवून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की वाटेतली कित्येक जुनी यंत्रं नवं बोलणं ऐकून जोडणीच तोडतात. त्या यंत्रांचं वागणं मानकाला धरून नव्हतं. तरीही गटाने मसुदा बदलला आणि नव्या नियमाला वरून जुन्यासारखा पेहराव दिला. कागदावर सुंदर आणि प्रत्यक्षात बंद, असा नियम कुणाच्या कामाचा? चालणारा प्रोग्राम दाखवा, हा आग्रह मला या सगळ्या रचनेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

आता कऱ्हाडाकडे येते.

संकेतस्थळांच्या पत्त्यांत इंग्रजीखेरीज अक्षरं चालावीत यासाठीचे पहिले नियम मार्च २००३ चे. त्यांत जॉयनर हे निरुपयोगी चिन्ह मानून गुपचूप गाळून टाकायचं ठरलं होतं. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या कऱ्हाडातून जॉयनर गाळला की उरतो र, हलन्त आणि ह, म्हणजे ‘कर्हाड’. र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. महाबळेश्वरच्या खोऱ्याचा थेट समुद्र. लिहिणाऱ्याला काही सांगितलं जात नाही. तो एक पत्ता लिहितो आणि यंत्र दुसरीकडे जातं.

हे फक्त आपलं दुखणं नव्हतं. सिंहलीत ‘श्री’ नीट लिहायला जॉयनर लागतो, फारसीला त्याचं उलटं भावंड लागतं, जे अक्षरं तोडून दाखवतं. हरकती साठल्या आणि नवा कार्यगट बसला. त्याचे अध्यक्ष होते व्हिंट सर्फ. त्या गटाचे कागद ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५८९० ते ५८९४ म्हणून निघाले. त्यांतल्या ५८९२ मध्ये एक लहानसा नियम आहे, की जॉयनरच्या लगेच आधी हलन्त असेल तर तो चालेल. बस, एवढाच. पण त्या ओळीमागच्या चर्चा मी वाचल्या आहेत. जॉयनर सरसकट चालू दिला तर कुणीही कुठल्याही इंग्रजी नावात तो दडवून हुबेहूब दिसणारा खोटा पत्ता बनवील, आणि सरसकट बंद केला तर काही भाषांचे शब्दच लिहिता येणार नाहीत. दोन्ही भीती खऱ्या होत्या. हलन्ताची अट दोघींना उत्तर देते.

मंजूर झालं म्हणजे लागू झालं असं मात्र नाही. जुन्या आणि नव्या नियमांत चार चिन्हांचा अर्थ बदलत होता: जर्मनांचा दुहेरी एस, ग्रीकांचा शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा, जॉयनर आणि त्याचं ते भावंड. जुने पत्ते नव्या अर्थाने उघडले तर लोक फसतील, या काळजीने ब्राउझरवाले थबकले. क्रोमने नवा अर्थ लागू केला तो ११० व्या आवृत्तीत, फेब्रुवारी २०२३ मध्ये. आयईटीएफकडे पोलीस नाहीत, दंड नाही. नियम पटला तर लोक पाळतात, आणि पटायला तेरा वर्षंही लागू शकतात. मला ही बारा-तेरा वर्षं अजून खुपतात. त्या काळात आपल्याकडून पुरेसा आवाज गेला असता तर ती कमी झाली असती असं मला वाटतं.

मी स्वतः पहिली हरकत लिहिली ती वापरकर्त्यांची नावं जुळवण्यासंबंधीच्या एका मसुद्यावर. त्यात एक परिच्छेद होता, की दोन्ही नावं युनिकोडने ठरवून दिलेल्या प्रमाण रूपात आणावीत आणि मग जुळवावीत; जुळली तर एक, न जुळली तर दोन. वाचायला निर्दोष. हे प्रमाण रूप र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त यांना एकत्र करून ऱ आणि हलन्त करून देतं, तेवढं खरं. पण जॉयनरच्या रीतीला ते हात लावत नाही. म्हणजे माझ्या यादीतले दोन कऱ्हाडकर त्या मसुद्याप्रमाणेही दोनच राहिले असते.

मी हे चार ओळींत लिहून पाठवलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सौजन्याने आणि अगदी नेमकं. उदाहरणं द्या, क्रमांकांसह. हे प्रत्यक्षात घडतं का, की फक्त शक्य आहे? आणि मजकुरात काय बदल हवा ते तुम्हीच लिहून द्या. मी कऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, पायऱ्या, शेतकऱ्यांना असे शब्द घेऊन तक्ता केला. प्रत्येकाच्या दोन्ही रीती, त्यांचे क्रमांक, प्रमाण रूपानंतरचे क्रमांक. सोबत तो तक्ता तपासणारा छोटा प्रोग्राम. कुणाचंही खरं नाव न देता यादीतला प्रकारही सांगितला. मग एकाने सुचवलं, जुळवताना जॉयनर काढून टाकू, प्रश्न मिटला. त्यावर मी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ शेजारी ठेवले. जॉयनर काढला तर दोन वेगळे शब्द एक होतात. तो माणूस दूर युरोपातला, मराठीशी त्याचा काही संबंध नाही. त्याने स्वतः प्रोग्राम चालवून पाहिला आणि आपली सूचना मागे घेतली, तशी लेखी नोंद करून.

पुढचा वाद एका शब्दावर झाला. १९९७ च्या आरएफसी २११९ ने मानकांतल्या मस्ट, शुड, मे या शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे, सुटका नाही. शुड म्हणजे करावं. सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तरच सोडावं. सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या नावाची नोंदणी नाकारण्याला मी मस्ट मागत होते. हरकत आली की दिसायला सारखं काय हे फॉन्टावर अवलंबून असतं, आणि सर्व लिप्यांसाठी हे तपासणारं पूर्ण कोष्टक कुणाकडेच नाही. जे पाळता येणार नाही ते सक्तीचं करून उपयोग काय? या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी शुड राहिला, आणि मराठीचं उदाहरण सुरक्षेच्या कलमात गेलं. त्या चर्चेत मराठी येणारी मी एकटी होते. मोजणी झाली असती तर एक विरुद्ध बाकी सगळे. तरी परिच्छेद बदलला, कारण तक्ता खोडता येत नव्हता.

नावांच्या मुळाशी, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागात, काय चालेल हे ठरवणारी संस्था वेगळी, आयकॅन. ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, देवनागरीतल्या आठ भाषांसाठी, त्यांत मराठी आणि कोंकणीही. पुढे मूळ पातळीवर कुठली भारतीय अक्षरं कशा क्रमाने चालतील हे ठरवायला निओ-ब्राह्मी नावाचं मंडळ बसलं. नऊ लिप्या त्याच्याकडे होत्या आणि पुण्याच्या सीडॅकमधली मंडळी त्यात होती. देवनागरीचे नियम २०१९ मध्ये पक्के झाले. मूळ पातळीवर जॉयनर पूर्ण बंद आहे, पण ऱ्य आणि ऱ्ह या जोडण्यांना ऱ आणि हलन्ताच्या रीतीने मुद्दाम जागा ठेवली आहे. तो प्रस्ताव वाचताना मला फार बरं वाटलं. या वेळी खोलीत कुणीतरी होतं ज्याला शेतकऱ्यांना लिहिता येत होतं.

या व्यवस्थेवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्यात काय खटकतं तेही सांगते. दार सगळ्यांना उघडं आहे हे खरं, पण दारापर्यंत यायला इंग्रजी लागतं, आणि तेही वाद घालता येईल असं. मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांना याच कामाचा पगार मिळतो. बाकीच्यांनी आपली झोप खर्च करायची. वर्षात तीन बैठका होतात. अमेरिकेत बैठक असली की त्यांची सकाळ ही आमची रात्र. पावसाळ्यात साताऱ्याची वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालू ठेवून मी ऐकत बसते. दुरून भाग घ्यायचं शुल्क परवडत नसेल तर माफ होतं, ही मोठी सोय. पण कॉफीच्या रांगेत जे ठरतं ते लॅपटॉपवर ऐकू येत नाही. आणि ज्या लिपिकाला दोन कऱ्हाडकर रोज छळतात, त्याला आपली तक्रार हा जागतिक मानकाचा विषय आहे हे कळायला काही मार्गच नाही. पतसंस्था, बाजार समित्या, तलाठी कार्यालयं, सेतू केंद्रं, इथे बसलेल्या माणसांइतका मराठी अक्षरांचा रोजचा अनुभव जगात कुणाला नाही. मानकाच्या एकाही कागदावर त्यांची छाया नाही. शासनाने यासाठी माणसं नेमावीत, विद्यापीठांनी हे काम संशोधन म्हणून मोजावं, असं मला मनापासून वाटतं. एकेकट्याच्या रात्रीच्या हौसेवर भाषेचं पुढचं शतक सोडून देता येणार नाही.

सांगली आणि कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली काही मुलंमुली अधूनमधून माझ्याकडे येतात. आम्ही लास्ट कॉलमध्ये असलेला एखादा मसुदा घेतो. एकाने फक्त सुरक्षेचं कलम वाचायचं, एकीने फक्त उदाहरणं, एकाने त्याचा प्रोग्राम लिहून चालवायचा. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, आम्ही कोण त्यांना सांगणारे? मी त्यांना जुन्या चर्चा उघडून दाखवते. मोठमोठ्या नावांना अनोळखी माणसाने कारण विचारलेलं आहे आणि त्यांनी उत्तर दिलेलं आहे. मग हात उघडतो.

गेल्या वेळी एका मुलीच्या लक्षात आलं की मसुद्यातल्या तक्त्यात देवनागरीचे सगळे नमुने हिंदी आहेत, त्यामुळे तो तक्ता पार करणारा प्रोग्रामही मराठीत चुकू शकतो. तिने तीन ओळी लिहिल्या. इंग्रजी साधं होतं, क्रमांक अचूक. लेखकाने मराठीची एक ओळ मागितली. तिने ‘शेतकऱ्यांना’ दोन्ही रीतींनी पाठवला. पुढच्या आवृत्तीत पहिली रीत आली आहे, दुसरी नाही. ती का गाळली याचं कारण तिने लेखी मागितलं आहे. लास्ट कॉल संपायला अजून आठवडा आहे, आणि ती हरकत खुली आहे.